बार्शी लाईट ते जलदूत

तुम्ही गाडीचे तिकीट काढता तेव्हा मनात काय असते? गाडी वेळेवर सुटेल का, बसायला जागा मिळेल का, सामान कुठे ठेवायचे, एवढेच. हे रूळ याच गावावरून का गेले, शेजारच्या गावावरून का गेले नाहीत, हा प्रश्न कोणाला पडत नाही. डोंगर जसा जागच्या जागी असतो तसे रूळही पहिल्यापासून तिथेच असावेत, अशी आपली एक समजूत असते. परंतु मित्रहो, रूळ माणसाने टाकलेले असतात, आणि माणसाची गरज बदलली, राज्य बदलले, बाजार बदलला की रूळही बदलतात. गाड्या बदलतात, थांबे बदलतात, स्टेशनांची नावे बदलतात. हे सगळे कसे होते आणि त्यात कोणाला काय मिळते, कोणाचे काय जाते, ते एकाच लोहमार्गाच्या गोष्टीतून मी तुम्हांला सांगणार आहे. तो मार्ग म्हणजे मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर. जुनी माणसे त्याला 'बार्शी लाईट' म्हणत.

माझी आजी सांगोल्याकडची. पंढरपूरला निघाली की पहिल्यांदा ती गार्डाच्या डब्यापाशी जायची आणि विचारायची, "गार्डबाबा, येताना ही गाडी आमच्या गावाला थांबंल न्हवं?" गार्ड म्हणायचा, "थांबंल की आजी, बसा निवांत." तिला ठाऊक असायचे की गाडी थांबणार आहे. तरीही ती विचारायची. लहानपणी मला या प्रश्नाचे हसू येई. आता वाटते, रेल्वेविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे. गाडी किती जोरात धावते, डबे किती चकचकीत आहेत, हे नंतरचे. ती आपल्या गावाला थांबते का, हे पहिले.

बार्शीच्या गोष्टीची सुरुवातही एका न थांबलेल्या गाडीपासूनच होते. १८५९-६० च्या सुमारास जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य मार्ग पुण्याहून सोलापूरपर्यंत आला. हा मार्ग पुढे मद्रासकडे न्यायचा होता. तेव्हा इंजिनिअरांनी सोयीची, सपाट आणि सरळ वाट पाहिली. त्या वाटेत बार्शी आली नाही. बार्शी म्हणजे कापूस, गळिताची धान्ये आणि डाळींची मोठी पेठ. बालाघाटाच्या वरून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, बैलगाड्यांच्या रांगा बार्शीला उतरत. पण गाडी बार्शीपासून सुमारे २१ मैलांवरून निघून गेली. त्या ठिकाणी जे स्टेशन झाले त्याचे नाव ठेवले 'बार्शी रोड'. आजचे कुर्डुवाडी ते हेच. नावात बार्शी आणि बार्शी मात्र एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर! 'रोड' हा शब्द ज्या ज्या स्टेशनाच्या नावापुढे लागला आहे त्या त्या ठिकाणी असेच घडले आहे, असे समजायला हरकत नाही. जत रोड पाहा, लातूर रोड पाहा. गाडी गावाच्या नावाला थांबते, गावाला नव्हे.

पस्तीसहून अधिक वर्षे बार्शीच्या अडत्यांनी आणि हुंडेकऱ्यांनी या २१ मैलांचे भाडे भरले. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेवर चाक आसापर्यंत रुतायचे आणि माल भिजायचा. त्या काळी जी. आय. पी. रेल्वेत एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनिअर लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून काम करीत होता. या २१ मैलांत लहान गाडी चालली तर ती हमखास पोट भरील, हे त्याने १८८७ च्या सुमारास ओळखले. परवानग्या, करार, भांडवल यांत आठ वर्षे गेली. १८९५ साली त्याने लंडनला कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही लहान गाडी सुरू झाली. हे साल लक्षात ठेवा. १८९६-९७ हे दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचे साल होते. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. पुढे या गोष्टीत दुष्काळ पुन्हा येणार आहे.

ही गाडी लहान म्हणजे किती लहान? आपल्याकडे रुळांची तीन मापे रूढ झाली. ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट, मीटरगेजमध्ये नावाप्रमाणे एक मीटर, आणि बार्शी लाईटच्या नॅरोगेजमध्ये अवघे अडीच फूट. रूळही हलके, एका यार्डाला ३० पौंडांचे. आज मोठ्या मार्गावर मीटरला ६० किलो वजनाचा रूळ वापरतात. त्याच्या हिशेबाने बार्शी लाईटचा रूळ जेमतेम चौथाई भरेल. कॅलथ्रॉपचे कसब असे की, त्याने इंजिन, उतारूंचे डबे आणि मालडबे या सगळ्यांची बांधणी एकाच नियमाने केली. चाकांच्या कोणत्याही जोडीवर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला की हलका रूळसुद्धा भरपूर माल पेलतो. डोक्यावर भारा नेणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. एका अंगाला ओझे झुकले की मान मोडते, हे तिला ठाऊक असते. ही सगळी सामग्री हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी इंग्लंडात लीड्स शहराजवळ तात्पुरते रूळ टाकून तपासून पाहिली होती. पुढे लहान मापाच्या रेल्वेसाठी या बांधणीचा दाखला देऊ लागले. याच कॅलथ्रॉपने उत्तर आयुष्यात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली, हेही जाता जाता सांगतो.

बार्शीला गाडी आली आणि पोट भरू लागली, तेव्हा तिचे हातपाय दोन्ही अंगांना पसरले. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला फाटा गेला. १९११ साली बार्शीकडची वाट घाट चढून लातूरला पोचली. १९२७ साली पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग असे करीत ती मिरजेला भिडली. सगळी मिळून लांबी झाली २०२ मैल. २१ मैलांच्या एका तुकड्याचे तीस वर्षांत असे झाड झाले.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी आणि पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, मिरज पटवर्धनांच्या संस्थानात. राज्ये निरनिराळी होती, नाणी आणि जकाती निरनिराळ्या होत्या. पण लातूरची तूर आणि भुईमूग घेऊन ही लहानशी गाडी त्या सगळ्यांच्या शिवा ओलांडून जात होती. लातूरची पेठ वाढली ती या गाडीने. आणि पंढरपूरची वारी! आषाढी-कार्तिकीला एवढी गर्दी व्हायची की उतारूंचे डबे पुरत नसत, मग मालडब्यांतून वारकरी बसायचे. टाळ-मृदंग डब्यात, गाठोडी खिडकीत, आणि तरणी पोरे टपावर. गाडीची गती अशी की पुढच्या डब्यातून उतरून, चार बोरे वेचून, मागच्या डब्यात चढता येते, अशी थट्टा लोक करायचे. थट्टा केली तरी प्रवास तिनेच करायचे.

आता या गाडीचा दोषही सांगायला हवा. दोष गतीचा नव्हता, मापाचा होता. कुर्डुवाडीला लहान रूळ संपायचे आणि मोठे रूळ सुरू व्हायचे. लहान डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणजे लातूरहून निघालेले पोते मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीला लहान डब्यातून उतरवायचे आणि मोठ्या डब्यात चढवायचे. प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून. याला रेल्वेवाले ट्रान्सशिपमेंट म्हणतात. त्यात वेळ जातो, मजुरी जाते, पोते फाटले की धान्य सांडते, आणि सांडले की ते कोणाचे यावर तंटा होतो. मिरजेला तर याहून मौज. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, दक्षिणेकडे अजून मीटरगेज होती, आणि पंढरपूरकडे नॅरोगेज. एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ! पाहुण्याला कौतुक वाटावे, आणि व्यापाऱ्याने कपाळाला हात लावावा, अशी ती परिस्थिती होती. पण त्याच अदलाबदलीवर शेकडो हमालांची घरे चालत होती, हेही विसरून चालणार नाही. कुर्डुवाडी हे गाव वाढले ते जंक्शन म्हणून, आणि लहान गाडीच्या कारखान्यामुळे. एकाची अडचण ती दुसऱ्याची भाकरी, असा हा हिशेब.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली सरकारने कंपनीकडून हा मार्ग विकत घेतला आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला, आणि १९७७ साली पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. म्हणजे बघा, रूळ जागचे हलले नाहीत, स्टेशनमास्तर तोच, घंटाही तीच. पण अर्ज करायचा तो कधी मुंबईला, कधी सिकंदराबादला. बदल नेहमी डोळ्यांना दिसतोच असे नाही.

दुसरीकडे १९४८ पासून एस. टी. रस्त्यावर आली होती. ती गावात शिरायची, देवळापाशी थांबायची आणि लहान गाडीच्या आधी पोचायची. पुढे ट्रक आले, ते पोते थेट अडत्याच्या दारातून उचलू लागले. मग बार्शी लाईटच्या डब्यांत उरले कोण? ज्यांच्याजवळ एस. टी. च्या भाड्याला पैसे कमी ते, बाजाराला जाणाऱ्या भाजीवाल्या, वारकरी, शाळा-कॉलेजची मुले. गाडी तोट्यात आहे असे कागदावर दिसू लागले. तोट्यात होतीही. पण ज्यांचा तोटा ती वाचवीत होती त्यांचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

१९९२ साली रेल्वेने ठरविले की देशभर शक्य तितके रूळ एकाच मापाचे, म्हणजे ब्रॉडगेजचे करायचे. या योजनेत बार्शी लाईटही आली. रूळ बदलणे म्हणजे जुने दोन रूळ थोडे दूर सारणे, असे कोणी समजू नये. मोठी गाडी जड असते, तिला सहज वळता येत नाही. म्हणून वळणे सरळ करावी लागतात, भराव रुंद करावे लागतात, पूल नव्याने बांधावे लागतात, घाटातला चढ सौम्य करावा लागतो. काम चालू असेपर्यंत गाडी बंद. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग २००१ च्या सुमारास मोठा झाला. लातूर ते कुर्डुवाडी हे काम २००७ आणि २००८ साली पुरे झाले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज झाले, आणि १८९७ साली सुरू झालेली लहान गाडी इतिहासात जमा झाली.

या बदलात एक चांगली गोष्ट घडली, ती आवर्जून सांगतो. तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे जिल्ह्याचे गाव. पण लहान गाडी येडशीवरून निघून जायची. जिल्ह्याच्या गावाला स्टेशन नाही! बार्शीचे जे दुःख १८९७ पर्यंत होते तेच दुःख धाराशिवने पुढची शंभर वर्षे भोगले. ब्रॉडगेज करताना मार्ग वळविला आणि गाडी धाराशिवला नेली. काही किलोमीटर वाढले, पैसे अधिक लागले, पण एक जिल्हा रेल्वेच्या नकाशावर आला. एकदा रूळ पडले म्हणजे नशीब ठरले, असे जे आपण समजतो ते खरे नाही, याचा हा पुरावा आहे.

आणि काय गेले? लातूरचे जुने स्टेशन गावाच्या पोटात होते. उतारू फलाटावरून चालत बाजारात जायचा. नवे स्टेशन बाहेर झाले, आता रिक्षा करावी लागते. येडशीजवळच्या रामलिंगाच्या रानातून वळणे घेत जाणारी वाट गेली. आणि गेले ते अनेक छोटे थांबे. जिथे गाडी मिनिटभर उभी राहायची, तिथे शेंगा विकणाऱ्या बाया होत्या, दुधाचे हंडे चढवणारे गवळी होते. त्यांच्याकरिता मोठी गाडी थांबत नाही. ती त्यांच्या शेताच्या बांधावरून भोंगा वाजवीत निघून जाते.

तुम्ही विचाराल, मग हा बदल चांगला की वाईट? याचे उत्तर २०१६ साली मिळाले, आणि ते मिळाले दुष्काळात.

त्या वर्षी लातूरला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. सुमारे चार लाख वस्तीचे शहर. नळाला पाणी नाही, टँकरभोवती भांडणे होऊ लागली. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. पाण्याच्या घागरीपाशी पोलीस उभा राहावा, याहून वाईट ते काय? तेव्हा रेल्वेने पाणी आणावे असे ठरले. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात टाकीचे डबे वाफेने धुऊन स्वच्छ केले आणि ते मिरजेला आणले. मिरजेला कृष्णेचे पाणी होते आणि गाडीत भरण्याची सोयही होती. ११ एप्रिलला दहा डब्यांची पहिली गाडी मिरजेहून निघाली आणि १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. पाणी होते सुमारे ५ लाख लिटर. तिला नाव मिळाले 'जलदूत'. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. पावसाळ्यापर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे ती येत राहिली. खेपा शंभराच्या वर गेल्या.

हिशेब करून पाहा. २५ लाख लिटर आणि चार लाख माणसे. एका खेपेत डोई सहा लिटर. दोन कळश्यासुद्धा नाहीत. या पाण्याने शहराची तहान भागली असे म्हणता येणार नाही. पण पिण्यापुरते पाणी आले, धीर आला, आणि गाव सोडून जाण्याचा विचार करणाऱ्या माणसाचा पाय अडखळला.

आता असा विचार करा की हे रूळ अजून अडीच फुटांचेच असते तर? कोट्याहून आलेला डबा मिरजेलाच अडला असता. पाणी हे काही पोते नव्हे, हमालाच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात टाकायला. जी ट्रान्सशिपमेंट तुरीला शंभर वर्षे महाग पडली, ती पाण्याला पार अशक्य झाली असती. २००७-०८ साली आणि त्यानंतर जे लोक घाटात भराव घालीत होते, पूल बांधीत होते, त्यांच्या स्वप्नातही आले नसेल की आपण लातूरला पाण्याची वाट तयार करतो आहोत. १८९७ चा दुष्काळ पाहतच ही वाट जन्माला आली होती. ११९ वर्षांनी तिच्यावरून पाणी धावले. वाट ज्या कामासाठी बांधावी त्याच कामाला ती येते असे नाही. कित्येकदा ती दुसऱ्याच, अधिक मोठ्या कामाला येते. म्हणून तोट्यातला मार्ग उखडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, असे माझे म्हणणे आहे.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. जलदूत मिरजेहून निघाली की कवठेमहांकाळ, जत रोड, सांगोला या भागातून जायची. हा मुलूखही दुष्काळीच. तिथल्या बायाबापड्यांनी बांधावर उभे राहून पाण्याने भरलेले पन्नास डबे समोरून जाताना पाहिले असतील. गाडी तिथे थांबली नाही. ती लातूरची होती, आणि लातूरची निकड अधिक होती, हे खरेच. तरी मला माझ्या आजीचा प्रश्न आठवला. ही गाडी आमच्या गावाला थांबंल न्हवं?

गाडी का थांबत नाही, याचीही कारणे समजून घेतली पाहिजेत, म्हणजे आपण उगीच स्टेशनमास्तरावर ओरडणार नाही. जोरात धावणारी गाडी दोन मिनिटे थांबवायची तर फक्त दोन मिनिटे जात नाहीत. आधी वेग कमी करायचा, नंतर पुन्हा वेग घ्यायचा, मिळून पाच-सात मिनिटे जातात. मार्ग एकेरी असेल तर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला जागा फक्त स्टेशनातल्या जादा रुळांवर, ज्याला आपण क्रॉसिंग म्हणतो. एक गाडी पाच मिनिटे चुकली की समोरची पंधरा मिनिटे खोळंबते, आणि तिच्यामुळे तिसरी. शिवाय रूळ तपासायला आणि दुरुस्त करायला दिवसातून काही तास मोकळे लागतात. टाइमटेबल करणारा माणूस हे सगळे धागे एका कागदावर विणतो. आपण एक थांबा मागतो तेव्हा तो धागा ओढला जातो आणि विणकाम दहा ठिकाणी हलते. थांबा देणे अशक्य नसते, पण फुकटही नसते.

आणि एका गावाची सोय ती दुसऱ्याची गैरसोयही होते. मोठी लाईन झाल्यावर लातूरकरांना मुंबईची थेट गाडी मिळाली. रात्री लातूर, सकाळी मुंबई. २०१७ साली ती गाडी पुढे बिदरपर्यंत वाढविली. उदगीर, भालकी, बिदर इथल्या लोकांना आनंद झाला. तिथेही मराठी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचीही पोरे मुंबईला नोकरीला आहेत. पण लातूरकर रुळांवर उतरले. त्यांचे म्हणणे असे की गाडी लातूरला येईपर्यंत भरून येईल, आम्ही उभ्याने जायचे काय? शेवटी तोड निघाली. आठवड्यातले काही दिवस गाडी बिदरपर्यंत आणि बाकीचे दिवस लातूरपर्यंत. कोण चुकले? कोणीच नाही. बार्शीने ज्या हक्काने १८९७ पूर्वी गाडी मागितली, त्याच हक्काने बिदरने २०१७ साली मागितली. ज्याला मिळाले आहे त्याला आपणही कधी काळी फलाटाबाहेर उभे होतो, याची आठवण राहत नाही, एवढेच.

सर्वांत मोठा बदल मात्र कोणी न मागता आला. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे देशातल्या सगळ्या उतारू गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा वेळापत्रक नव्याने मांडले होते. पुष्कळ ठिकाणी लहान थांबे गळाले. पॅसेंजर गाड्या एक्सप्रेसच्या नावाने धावू लागल्या आणि कमीत कमी भाडे १० रुपयांचे ३० रुपये झाले. गाडी तीच, डबे तेच, गती तीच, फक्त नाव आणि भाडे बदलले. तालुक्याला रोज कामाला जाणाऱ्या माणसाला जाऊन येऊन ४० रुपये जास्त, हा आकडा लहान नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत भाडे पुन्हा पूर्वीसारखे झाले. परंतु चार वर्षांत ज्याने गाडी सोडली, जीप धरली, किंवा शाळाच सोडली, तो सगळाच परत आला असेल असे नाही. थांबा एकदा गेला की उतारू पांगतात. उतारू पांगले की आकडे सांगतात, इथे चढणारे कोणी नाही. मग थांबा परत मागायला पुरावा आणायचा कुठून?

मित्रहो, म्हणून मला तुम्हांला एकच गोष्ट सांगायची आहे. रेल्वे बदलते, बदलायलाच हवी. लहान रूळ मोठे झाले नसते तर लातूरला पाणी मिळाले नसते, धाराशिवला गाडी मिळाली नसती. जुन्याचे कौतुक करताना ते जसेच्या तसे राहावे असा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. लहान गाडीत मालडब्यात कोंबून बसलेल्या वारकऱ्याला विचारा, तो काही तिच्यासाठी रडणार नाही. पण प्रत्येक बदलाच्या वेळी एक प्रश्न उभा राहून विचारला पाहिजे. या बदलात कोणाची गाडी थांबायची बंद होते? त्याची दुसरी काय सोय केली आहे?

हा प्रश्न विचारायचा कोणी? तुम्ही आणि मी. नवे वेळापत्रक लागते तेव्हा आपण आपल्या गाडीची वेळ पाहून पान मिटतो. पुढच्या वेळी जरा थांबा. आपल्या वाटेवरच्या लहान स्टेशनांच्या ओळीही वाचा. एखाद्या नावापुढची जागा कोरी झालेली दिसेल. तिथे कोणी तरी उभे आहे असे समजा. आपल्या गावच्या प्रवासी संघाला सांगा, अर्जावर सही करा, आणि अर्जात नुसता राग लिहू नका. रोज किती माणसे चढतात, कोणत्या कामाला जातात, दुसरे साधन काय आणि त्याला पैसे किती पडतात, हे मोजून लिहा. बार्शीला गाडी आली ती रडून आली नाही. इथून किती माल जातो याचा हिशेब कोणी तरी मांडला, म्हणून आली.

आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मध्यंतरी मी त्याच वाटेने मिरजेहून पंढरपूरला गेलो. मोठी गाडी, मोठ्या खिडक्या, गचके नाहीत. आजीच्या गावाची वेस डोळ्यांपुढून क्षणात सरकली. बांधावर एक म्हातारी हात कपाळावर धरून गाडीकडे पाहत उभी होती. गार्ड पार शेवटच्या डब्यात, त्याच्यापर्यंत तिचा आवाज पोचणे शक्य नव्हते. तिचे म्हणणे पोचवायचे काम आता गाडीत बसलेल्यांचे आहे.